अण्णा पोचवायला कुठपर्यंत आले

पहिल्यांदा परदेशी निघालो तेव्हा अण्णा नाशिकच्या पाथर्डी फाट्यापर्यंत आले होते. आमची गल्ली अरुंद, म्हणून मुंबईची गाडी कॉलनीच्या कमानीबाहेर उभी होती. तिथवर सगळेच आले. आई, ताई, शेजारच्या बाया, विहारातल्या अभ्यासिकेतली पोरं. गाडी सुरू झाली आणि अण्णा, माझे वडील, पुढच्या सीटवर येऊन बसले. "चल, फाट्यापर्यंत येतो. लय लांब नाय." अंबडच्या एका कारखान्यात उभा जन्म लेथ मशीनवर गेलेला माणूस. फाट्यावर उतरले, माझी कॉलर सारखी केली आणि रिक्षा शोधत परत फिरले. मी मागच्या काचेतून बघत राहिलो. त्यांनी वळून पाहिलं नाही.

हे मी आपल्या कॉलनीसाठी लिहितोय. जे राहिले त्यांच्यासाठी, आणि पुणे, दुबई, कुठे कुठे पांगले त्यांच्यासाठीही. तुमच्यापैकी कुणी अजून माझ्यासारखंच खुळ्यागत वागत असेल तर त्याने वेळीच शहाणं व्हावं.

मी गेलो तो बायकोच्या मागे. प्रज्ञाला इंग्लंडच्या उत्तरेला एका लहान गावात नर्सची नोकरी लागली. मी आयटीआयचा फिटर, तिथे किराणा घरपोच करणाऱ्या व्हॅनवर लागलो. ताई अजून चिडवते, सातासमुद्रापार जाऊन तू शेवटी किराणावालाच झालास म्हणून. गाव सुरेख आहे. धुकं उतरलं की रस्ता, कुंपणं, मेंढ्या सगळं पुसून जातं आणि मी कुठे आहे हे क्षणभर कळत नाही. अशा वेळी मला पुढच्या वळणावर नाशिकजवळच्या विल्होळीची चढण लागेल असं वाटत राहतं.

इंग्लिशची भीती नव्हती. टेबलावर पुस्तक, दाराआड मांजर, एवढं शाळेत पाठ झालं होतं. पण तिथली माणसं नुसती जागा सांगून थांबत नाहीत. जागेच्या आधी एक चिमुकला शब्द लावतात आणि खरी गोम त्यातच असते. प्रत्येक ऑर्डरसोबत स्क्रीनवर गिऱ्हाइकाची चिठ्ठी येते. 'इनसाइड द गेट' म्हणजे फाटकाच्या आत, हे मला कळायचं. 'जस्ट इनसाइड द गेट' म्हणजे नुसता हात आत घालून ठेव, पाऊल टाकू नकोस, हे एका कुत्र्याने शिकवलं. 'वेल इनसाइड' म्हणजे रस्त्यावरून दिसणार नाही इतकं आत. 'राइट अप अगेन्स्ट द डोअर' म्हणजे पार दाराला टेकवून. एकीने तर 'हाफवे अप द स्टेअर्स' असं लिहिलं होतं, आणि अर्ध्या जिन्यात दुधाच्या बाटल्या मांडताना मला हसू आवरेना.

फोनवर हे सांगितलं की अण्णा खूश व्हायचे. सूतभर इकडंतिकडं झालं तर काम भंगारात, अशा शिस्तीत ते वाढलेले. "बरोबर हे त्यांचं," म्हणायचे. "नुसतं मागं म्हणून कसं चालंल? किती मागं ते सांगाया नको?" मग आम्ही दोघं मिळून आपल्या घराचा पत्ता तिकडच्या पद्धतीने रचायचो. थेट कमानीतून आत, जरासं नळाच्या अलीकडे, अगदी विहाराला लागून. व्हिडिओत त्यांचा चेहरा आणि मागची निळी भिंत दिसायची. अंगात नेहमी इस्त्रीचा शर्ट असायचा.

माझ्या गिऱ्हाइकांत चढावरच्या घरात एकटे राहणारे एक आजोबा होते. फाटक खाली रस्त्याला, घर वर. पहिल्या वर्षी त्यांची चिठ्ठी असायची, 'डाउन बाय द गेट'. ते स्वतः हातगाडी घेऊन खाली यायचे आणि सामान वर न्यायचे. पुढे ती चिठ्ठी 'अप ऑन द स्टेप' झाली, म्हणजे मी वर पायरीवर ठेवायचं. मग 'जस्ट इनसाइड द डोअर'. मी प्रत्येक वेळी सांगितलं तिथे पिशव्या ठेवल्या आणि पुढच्या घरी गेलो. गेल्या हिवाळ्यात एक दिवस स्क्रीनवर आलं, 'राइट नेक्स्ट टू माय चेअर, प्लीज'.

पिशव्या खुर्चीला लागून ठेवल्या. आजोबांनी नुसतं हसून मान हलवली. व्हॅनमध्ये येऊन बसलो, पण गाडी सुरू केली नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमचीच गल्ली आली होती.

कारण मी तीनदा नाशिकला येऊन परत निघालो होतो. पहिल्या खेपेला अण्णा कमानीपर्यंत आले. फाट्यावर गर्दी असती म्हणाले. दुसऱ्या खेपेला ओट्यापर्यंत, कोणीतरी भेटायला येणार होतं. तिसऱ्या खेपेला दारातच खुर्चीवर बसून हात केला, "इथूनच, चहा चुलीवर हे," म्हणाले. चहा तर आई करते. आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. परक्या माणसाच्या चिठ्ठीतला एकेक शब्द तोलणारा मी, बापाचं 'इथूनच' ऐकून गाडीत बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

तिथूनच ताईला फोन लावला. विचारलं, अण्णा आता कुठे बसतात? ती म्हणाली, "बसत नाय रे. खाटेवरच असत्यात. फोन आला का आम्ही दोघी धरून बसवतो, शर्ट घालतो. तुला सांगू नका म्हणले, पोरगं काम सोडून पळत येईल."

पोरगं पळत आलं. विमानात डुलकी लागली तेव्हा अण्णा धुक्यातल्या चढावर माझ्याबरोबर चालत होते आणि दर फाटकापाशी थोडे मागे राहत होते. मुंबईहून निघाल्यावर त्यांचे सारखे फोन. कुठपर्यंत आलास? घोटी सोडली. आता? वाडीवऱ्हे. आवाज बारीक, पण उत्साह लग्नाच्या वऱ्हाडाची वाट बघणाऱ्यासारखा. घरात शिरलो तर त्यांनी खाटेवर भिंतीकडे सरकून माझ्यापुरती जागा केली होती. अंगात बनियन होता. खांद्याची हाडं वर आलेली बघून मला रडू फुटलं. ते म्हणाले, "शर्टाची हौस फिटली आता."

तीन आठवडे त्या खाटेवर बसून होतो. रजा संपली. निघताना पाया पडलो तर अण्णा म्हणाले, "या खेपेला मी येत नाय. दारापर्यंतबी नाय जमायचं." कुठलीच सबब नाही. पाय निघत नव्हता, तरी बॅग उचलली. ताई कमानीपर्यंत आली. ड्रायव्हरने डिकी लावली, दार उघडून धरलं, आणि मी त्याला थांबायला सांगून गल्लीतून परत घरी आलो.

निघालेल्या माणसाने माघारी फिरू नये, असं आई म्हणायला लागली. अण्णांनी तिला गप्प केलं. "असलं आपण मानत नाय." मग मला विचारलं, "काय राहिलं?"

"काही नाही," म्हटलं. "तुम्ही यायचात गाडीपर्यंत. आता मी आलो."

अण्णांनी माझी कॉलर चाचपली आणि ते पुन्हा भिंतीकडे सरकले. कमानीकडून हॉर्न ऐकू येत होता. मी त्यांना लागून बसलो. आता माझं घर तेवढंच आहे, खाटेच्या कडेला एक माणूस मावेल एवढं, आणि इंग्लंडला परतल्या परतल्या मी पुढच्या महिन्याचं नाशिकचं तिकीट पुन्हा काढलंय.