अर्ल, नारळ आणि कोळशाची गाडी

१९८४ सालचा ऑक्टोबर, पानगळीचे दिवस. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, रेल्वेने वसवलेल्या एका लहान गावात आम्ही नवरा-बायको मुलाकडे आलो. मुलगा तिथे डॉक्टर. मी सातवी पास, कराडला लाकडाची वखार चालवलेला माणूस. सहसा दचकत नाही. पण या गावात दचकण्याचे प्रसंग इतके साठले, की माझ्या वखारीत ओंडकेही इतके साठले नव्हते!

मुलाचं घर जुनं, लाकडी. पूर्वी रेल्वेचा बडा साहेब तिथे राहायचा. अशी घरं वर्षातून एक दिवस तिकीट लावून लोकांना दाखवायची, ही गावाची पद्धत. मला कोणी सांगितलं नव्हतं! मी सोवळं नेसून पूजेला बसलो होतो. दार उघडलं आणि गर्दी आत!

"ही साहेबांची झोपायची खोली," गर्दीला घर दाखवणारी पुढची बाई म्हणाली.

मागच्या एका म्हातारीने माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. सगळे हसले. सूनबाईने नंतर मला सांगितलं, म्हातारी विचारत होती, "हे गृहस्थ घराबरोबरच मिळाले का?"

"बाबा, सॉरी! सांगायचं राहूनच गेलं."

दोन दिवस मी सूनबाईशी बोललो नाही.

*

शेजारी अर्ल. माझ्याच वयाचा, रेल्वेतून रिटायर झालेला. त्याच्या घरामागे त्याच्या घराण्यातली थडगी. एका सकाळी पाहतो तर हा बापाच्या थडग्यावर बसून कॉफी पितोय!

मला राहवलं नाही. सूनबाईला विचारायला लावलं, "बापाच्या डोक्यावर बसता? लाज नाही वाटत?"

अर्ल म्हणाला, "जिवंत होता तेव्हा त्याने मला घटकाभर बसू दिलं नाही!"

*

फेब्रुवारीत आमच्या हिच्या छातीत दुखायला लागलं. मुलगा हॉस्पिटलात, हॉस्पिटल रुळांपलीकडे, आणि गावातल्या एकुलत्या एका फाटकावर कोळशाची मालगाडी आडवी उभी! सूनबाई हॉर्न वाजवून थकली.

तेवढ्यात बर्फातून अर्ल आला. अंगात आतले कपडे, पायात बूट. थेट इंजिनापाशी गेला आणि गाडी मधून तोड म्हणून काठीने पत्रा बडवू लागला.

"कट इट!"

"ऑर्डर नाही," ड्रायव्हर वरून म्हणाला.

"मग तुझ्या आईला सांगतो, माझी शेजारीण फाटकावर मेली म्हणून!"

ड्रायव्हर मुकाट्याने खाली उतरला. फाटकामागचे डबे सोडवले, बाकीची गाडी पुढे घेतली, रस्ता मोकळा झाला. ही वाचली.

मी जन्मात कोणाचं काही ठेवून घेतलेलं नाही. हिला घरी आणलं त्या दिवशीच सांगून टाकलं, "अर्लचं फेडल्याशिवाय कराडला परतायचं नाही."

*

बरी झाल्यावर हिला घेऊन अर्लकडे गेलो. शाल आणि नारळ दिला. अर्ल भडकला. "मी शेजारी आहे, दुकान नाही!" त्याची बायको रूथ मध्ये पडली, म्हणून वस्तू तरी ठेवून घेतल्या.

पुढच्या वर्षी घरं दाखवायच्या दिवशी अर्लचंही जुनं घर खुलं होतं, म्हणून मीही गेलो. शाल कुत्र्याखाली! नारळ काचेच्या पेटीत! आणि ती घर दाखवणारी बाई नारळाकडे बोट करून लोकांना सांगतेय, "हे बहुतेक यादवी युद्धाच्या आधीचं असावं."

मी अर्लकडे पाहिलं. त्याने डोळा मारला.

म्हणजे माझं देणं होतं तसंच!

*

१९८७ च्या मार्चमध्ये अर्ल गेला. बापाशेजारीच पुरायचं ठरलं. खड्डा तयार, रूथ छत्री घेऊन खड्ड्याशी उभी, पाऊस लागलेला. आणि शववाहिका येईना. खाली फाटकाशी जाऊन पाहतो तर शववाहिका रुळांपलीकडे आणि मध्ये कोळशाची गाडी!

लोक टोप्या काढून उभे. पाद्री म्हणाला, "थांबू या. बिचारा अर्लसुद्धा जन्मभर गाडीसाठीच थांबला."

वर खड्ड्यात पाणी साचत होतं.

मी धोतर खोचलं, कानटोपी ओढली आणि इंजिनापाशी गेलो. ड्रायव्हर तोच. मी काठी पत्र्यावर हाणली.

"कट इट!"

"नो ऑर्डर, सर."

माझं इंग्रजी ते केवढं! तरी अर्लचं ते वाक्य पाठ होतं.

"आय टेल युवर मदर!"

ड्रायव्हर माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने टोपी काढली आणि खाली उतरला.

गाडी तुटली. अर्ल घरी आला.