सासूबाईंचं वजन

सासूबाईंना मी पाडलं. घरात मात्र त्या घसरल्या असं सांगितलं.

गुजरातेतल्या, पर्वत पाटिया भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये दुपारी आम्ही दोघीच असतो. मी सकाळच्या शाळेत शिकवून परत येते, नवरा बँकेतून संध्याकाळी. लकव्यानं सासूबाईंचा डावा भाग लुळा पडल्यापासून त्यांना पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासात नेणं माझ्याकडे आलं. त्या दिवशी उचलताना माझ्या कमरेत कळ आली. धरून ठेवता आलं असतं का? आणखी थोडा वेळ नक्कीच आलं असतं. मी हात काढून घेतले. आधी माझी कंबर वाचवली, खरं ते एवढंच. त्यांच्या मनगटाच्या हाडाला चीर गेली. "फरशी ओली होती," मी नवऱ्याला म्हटलं. सासूबाई भिंतीकडे बघत पडल्या होत्या.

तेव्हापासून त्यांनी मला उचलू दिलं नाही. "राहू दे वं, तो आला का नेईन," म्हणायच्या, आणि मुलाची वाट बघत पडून राहायच्या. मध्ये संडासला जायला लागू नये म्हणून दिवसभर पाणी टाळायच्या. भाकरी अर्धीच खायच्या. डॉक्टरांनी बजावलं, असंच चाललं तर अंगातले स्नायू झडतील आणि आज साथ देणारा उजवा भागही उद्या देणार नाही. मला वाटे, त्यांचा माझ्यावर राग आहे आणि तो त्या स्वतःच्या पोटावर काढतायत.

फिजिओथेरपीवाल्या बाई घरी येत. त्या सासूबाईंच्या डाव्या मांडीवर चकत्या चिकटवून छोटं यंत्र सुरू करत, आणि इतके दिवस मेल्यासारखी पडलेली मांडी आपोआप उडायला लागे. एकदा मी विचारलं, "हे धडधाकट माणसाला लावलं तर?"

"त्याचे तर आता स्टुडिओ निघालेत," त्या हसून म्हणाल्या. "पण हृदयात यंत्र बसवलेलं नको, पोटुशी बाई नको. आणि जादू समजू नका. विजेबरोबर व्यायाम आपणच करायचा असतो."

डॉक्टरांना कंबर दाखवली, त्यांनी हो म्हटल्यावर मी तसल्या एका स्टुडिओत जायला लागले. घरी सांगितलं, शाळेत मीटिंग आहे. शेजारीण तेवढा वेळ सासूबाईंपाशी बसे. एक खोटं झाकायला दुसरं, तसलाच प्रकार. पण खरं सांगायचं तर "मला तुम्हाला उचलायचंय" म्हणावं लागलं असतं, आणि त्याच्या मागोमाग बाकीचं सगळंच आलं असतं.

स्टुडिओत बहुतेक कापड बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या बायका. कुणाच्या घरी लग्न, कुणाला नवरात्रात गेल्या वर्षीची चणियाचोळी बसवायचीय. शिकवणारी मुलगी गुजराती, माझी विद्यार्थिनी शोभेल एवढी. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "मासी, प्रसंग शुं छे?" म्हणजे निमित्त काय. मी म्हटलं, भाचीचं लग्न.

अंगावरचा धातू सगळा काढायचा. बांगड्या निघाल्या. मंगळसूत्र काढताना गळा रिकामा नको म्हणून मी काळा दोरा बांधून घेतला. जोडवी मात्र लग्नानंतर पहिल्यांदाच काढली, साबण लावून. मग ओलं केलेलं गार जाकीट आवळून बांधलं, दंडांना आणि मांड्यांना पट्टे आले, वायर जोडली. आधी मुंग्या आल्या. मग कुणीतरी आतून स्नायू मुठीत पकडावा तसं झालं. त्या पकडीतच खाली बसायचं, उठायचं. काही सेकंद पकड, काही सेकंद सुटका. मला सुटकेपेक्षा पकड बरी वाटायची, का ते तेव्हा कळलं नाही. माझ्या हातात दांडा देऊन मुलगी ओरडायची, "छोडता नहीं, मासी! छोडता नहीं!" सोडू नका, एवढंच ती म्हणत होती. तिला काय माहीत. एकदा डोळ्यांत पाणी आलं, तर तिनं घाईघाईनं करंट कमी केला.

काही महिन्यांत फरक पडला. पायऱ्या चढताना धाप लागेना, भाजीच्या पिशव्या हलक्या वाटू लागल्या. वजनकाटा जवळपास तिथंच होता, पण चरबी उतरून स्नायू वाढलेत, असं त्यांच्या यंत्रानं सांगितलं. मुलगी खूश. "हवे लग्नमां वटथी जजो," आता लग्नात ऐटीत जा, म्हणाली. मी हसले. घरी जिला उचलायचं ती मला हात लावू देत नव्हती.

मग तो दिवस आला. करंट जरा जास्त झाला होता, बोटं थरथरत होती. मंगळसूत्र कसंबसं घातलं, पण जोडवी काही चढेनात. पर्समध्ये टाकून घरी आले. शेजारीण गेली. मी सासूबाईंपुढे चहा घेऊन उभी राहिले. त्या कुशीवर होत्या. पडल्यापडल्या त्यांना माझ्या चेहऱ्याआधी माझे पाय दिसायचे.

"जोडवी कुठी हायेत?"

मी पाय मागे घेतले.

"काऊन बोलत नाई? कोठून आली तू? माह्या पोट्ट्याले काई झालं काय?"

आमच्याकडे जोडवी कधी उतरतात, ते त्यांना स्वतःच्या पायांनी माहीत होतं. मी "नाही हो आई" म्हणेपर्यंत त्यांनी उजव्या हातानं पलंगाची कड धरून अंग पुढे झोकलं होतं. कप खाली पडला. मी दोन्ही हात त्यांच्या काखेतून घालून पाठीमागे गुंफले. पाय रोवले. कंबर ताठ. सगळं अंग आपोआप आवळलं गेलं आणि त्या माझ्या छातीशी थांबल्या.

"ते बँकेत आहेत. ठणठणीत आहेत. मी व्यायामाला जाते आई, तिथं काढावी लागतात."

"व्यायाम? या वयात? कायले?"

"तुम्हाला उचलायला." आणि मग त्यांना तसंच धरून मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही घसरला नाहीत. मी सोडलं. कंबर दुखली म्हणून सोडलं."

त्यांचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. तिथूनच म्हणाल्या, "मले का मालूम नाई? मीच होती ना तठी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मले वाटलं, मीच जड झाली. म्हणून त खानं कमी केलं. म्हटलं, थोडी उतरली का हिची कंबर वाचंन."

मी इतके महिने अंगात ताकद भरत होते आणि त्या आपलं अंग उतरवत होत्या, एकाच छताखाली. मला रडू यायला हवं होतं. हसू आलं. आधी मला, मग त्यांना, त्यांच्या अर्ध्या तोंडानं.

"हसतं काय? बसव आता मले खुर्चीत. अन् हयूहयू बसव, पोतं नाई मी."

मी बसवलं. त्यांनी पाणी मागितलं, तांब्याभर. सगळं प्यायल्या.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. फरशी कोरडी होती, हेही. तो बूट हातात घेऊन बसून राहिला. चिडला होता, आणि त्याला तो हक्क होता. "मला सांगायचंस तरी," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "हो." इतकी वर्षं मी कमी बोलते म्हणून लोक मला शहाणी समजत आले. त्या एका शब्दानंतर खांदे इतके सैल पडले की विजेच्या जाकिटानंतरही कधी पडले नव्हते.

तेवढ्यात आतून हाक आली. तो सवयीनं उठला.

"तुले नाई बलावलं," सासूबाई आतून ओरडल्या. "तिले धाड. तू लय हिसके देतं."