शिक्का नसलेली पॉलिसी

"वैशालीताई, सोमवारी त्या माणसाला बॅन करायचं," मीटिंग सुरू होताच समीर म्हणाला. "तीन मेल गेले. सहा पानांची पॉलिसी पाठवली. तो एका ओळीचंही उत्तर देत नाही, आणि मॉड विकतोच आहे."

समीर म्हणजे आमचा बॉस. वय एकोणतीस, मुक्काम पुणे. मी चंद्रपूरला घरी बसून त्याच्या कंपनीचं काम करते. आम्ही बस चालवायचा गेम बनवतो, आणि खेळणाऱ्यांची भांडणं सोडवणं हे माझं खातं. कार्डावर 'कम्युनिटी मॅनेजर' छापलंय. आई शेजारणीला सांगते, पोरगी फोनवर पोट्ट्यांना रागावायचा पगार घेते. तिचं फारसं चुकत नाही.

मॉड म्हणजे काय ते आधी सांगते. गेममधली आमची बस साधी, कोणत्याही गावची. हौशी लोक तिच्यावर आपल्या गावचा रंग, पाटी, हॉर्न, रस्ता चढवतात. त्या फाइलला मॉड म्हणतात. खुशाल करा, खुशाल वाटा, पण फुकट वाटा, हा आमचा नियम. पैसे घेतले की विकणारा वेगळा आणि शिव्या खाणारे आम्ही, असं होतं. नियम मोडला की बॅन. म्हणजे खातं कायमचं बंद आणि त्या माणसाचं सगळं काम गेममधून गायब.

या वेळची तक्रार मात्र माझ्या अख्ख्या नोकरीत पहिलीच होती. वरोऱ्याचा एक खेळाडू लिहितो, "मी मुलगा आहे म्हणून माझ्याकडून पन्नास रुपये घेतले. तोच मॉड माझ्या बहिणीला पंचवीसमध्ये दिला. हा अन्याय आहे."

मॉडच्या पानावर फोन नंबर होता. लावला. "या ना इथी, गोंडपिपरीले," पलीकडून आवाज आला. "पण बसनं या." शुक्रवारी सकाळी चंद्रपूरहून बस धरली.

बसस्टँडच्या मागेच घर. दारात साठीचे गृहस्थ उभे, खाकी पँट आणि वर बनियन. नमस्कार वगैरे काही नाही. हात पुढे करून म्हणाले, "तिकीट?"

"कसलं तिकीट, भाऊ?"

"ज्या गाडीनं आल्या तिचं."

"फेकलं मी. उतरल्यावर काय करायचं?"

"फेकलं!" त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी पोर बसमध्ये विसरून आले. "स्टँडच्या बाहेर पडेपर्यंत जपून ठेवाचं असते, बाई. चेकिंगवाला उभा असता मंग?"

हे दौलतभाऊ. लाल गाडीवर तीस-बत्तीस वर्षं कंडक्टर, आता रिटायर. आतून त्यांच्या बायकोचा, शांताबाईंचा आवाज आला, "याईचं असंच हाये. तुमी बसा, चहा मांडून राह्यली."

मॉड पाहिला आणि मी येण्याचं कारणच विसरले. मुलीने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर, व्हिडिओ पाहून पाहून या माणसाने गोंडपिपरी ते मूल रस्ता उभा केला होता. दोन्हीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा. टपावर पोतं. मोहाच्या झाडाखाली थांबा नाही, तरी तिथे एक बाई हात दाखवते. थांबला नाहीत तर ती ओरडते, "काऊन बा, दिसत नाई का?" आवाज शांताबाईंचा. आमच्या ऑफिसातल्या बारा जणांना मिळून हे सुचलं नसतं.

"भाऊ, झकास आहे. पण पैसे घेता येणार नाहीत," मी शेवटी म्हटलं.

"काऊन?"

"गेम आमचा आहे."

"असं? आपल्या झाडीपट्टीत नाटक होते. मंडप ज्या वावरात टाकतात ते वावर पाटलाचं असते. म्हून नाटकवाल्यानं तिकीट नाई लावाव का?"

मी चहा प्यायले. याचं उत्तर सहा पानांत कुठेच नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही नाही.

"बरं, पण मुलांना पन्नास अन् मुलींना पंचवीस, हे काय?"

"बायाईले अर्धं असते. तुमाले मालूम नाई? आताच तं अर्ध्यात आल्या." मग त्यांनी वही काढली. कुणाला कोणतं तिकीट दिलं त्याची नोंद. प्रत्येक तिकिटाला नंबर, आणि तो नंबर टाकला की फाइल उघडते. दर गाडीचेच. पूर्ण, बायांना अर्धं, पंचाहत्तरीच्या वरच्यांना शून्य.

मी पानं उलटत गेले. शून्य. शून्य. शून्य. मधेच एखादं अर्धं. पूर्ण तिकीट काढणारा त्या पानांवर एकटा तो वरोऱ्याचा, म्हणजे बिचाऱ्याची तक्रार खरीच होती.

"भाऊ, इतके पंचाहत्तरीचे लोक बसचा गेम खेळतात?"

"हाव ना. लय हुशार म्हातारे हायेत आपल्या भागात." चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "सगळ्याईनं आधार कार्डाचा फोटो पाठवला."

मी वही खाली ठेवली. "ते फोटो कुठे आहेत?"

"पाह्यले अन् पुसून टाकले. कार्ड तपासून वापस द्याचं असते, खिशात नाई ठेवाचं."

"माहीत हाये याईले," आतून शांताबाई. "आज्याचं कार्ड दाखवतात पोट्टे. याईले सारं माहीत हाये."

"कार्ड दाखवलं का कंडक्टरनं तोंड नाई पाहाव," दौलतभाऊ म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.

म्हणजे या माणसाला पैसे नकोच होते. "मग सगळ्यांना तसंच फुकट द्या ना!" मी म्हटलं. हसू तिथेच विझलं.

"बिनातिकीट? नाई बा. एक बिनातिकीट सापडला का कंडक्टर लाइनीतून बाहेर. एवढ्या नोकरीत एक नाई सापडला माह्या गाडीत. आता म्हातारपणी सापडू देऊ?"

ते उठून मागे बैलांना पाणी दाखवायला गेले. शांताबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "बाई, रिटायर झाले तवा चार महिने धड बोलले नाईत. पाचले उठावं, आंघोळ कराव, दारात उभं राहाव. डेपोत जायचं नाई हे ध्यानातच नाई ये. हे लॅपटॉपवरची गाडी सुरू झाली तवापासून मानसात आले. बंद नोका करू."

सोमवारला तीन दिवस होते.

दौलतभाऊ परत आले तेव्हा मी वेगळ्या वाटेने गेले. "भाऊ, तिकीट फाडाच. पण सगळ्यांना शून्याचं."

ते थांबले. हे पटण्यासारखं होतं. तिकीट तर दिलं जाणार. "पन भाडं कमी कराचा अधिकार कंडक्टरले नाई," ते म्हणाले. "परिपत्रक पायजे."

"सहा पानं पाठवली होती की आम्ही!"

"पाह्यली. शिक्का नाई, जावक क्रमांक नाई. असे कागद रस्त्यावर पडून असतात."

परतीच्या बसमधूनच समीरला फोन लावला. "समीर, एक परिपत्रक काढ. मराठीत. पाच ओळींचं. सही आणि शिक्का."

"ताई, आपल्याकडे शिक्काच नाही."

"मी चंद्रपुरात करून घेते."

"आणि जावक क्रमांक कुठून आणू?"

"एक घाल. आजवर आपल्याकडून काही जावक झालंय का?"

समीर म्हणाला, "मी इंजिनिअर होतो हो, ताई." पण पाठवलं. 'सर्व प्रवाशांना शून्य भाडे आकारण्यात यावे' हे वाक्य मी सांगितलं आणि त्याने निमूट टाइप केलं. शनिवारी मी प्रिंट काढली आणि त्यावर ताजा गोल शिक्का मारला, दोनदा, कारण पहिला पुसट आला.

रविवारी पुन्हा गोंडपिपरी. दारात हात पुढे आला. मी तिकीट काढून दिलं. त्यांनी तारीख पाहिली, उलटून पाहिलं, परत दिलं. "बसा."

परिपत्रक त्यांनी उभ्यानेच वाचलं. शिक्क्यावर बोट फिरवलं. झेरॉक्सवर 'पोच' लिहून सही करून मला दिली. आणि लॅपटॉप उघडून दर बदलले. अर्धं मिनिट लागलं. तीन मेल, सहा पानं आणि माझ्या दोन फेऱ्या एकीकडे, हे अर्धं मिनिट एकीकडे. मला रडू येतंय की हसू ते कळेना, म्हणून शांताबाईंना अजून एक चहा मागितला. वरोऱ्याच्या पोराचे पन्नासही त्यांनी तिथेच परत पाठवले, कुणी न सांगता.

सोमवारी दहाला, बॅन करायच्या वेळी, समीरने मॉड डाउनलोड केला. दौलतभाऊंच्या तिकिटात शून्याचा प्रकार एकच, त्यामुळे आता सगळ्यांना तोच मिळतो. समीरच्या स्क्रीनवर आलं, 'ज्येष्ठ नागरिक, वय ७५ च्या वर, भाडे शून्य'. त्याने गाडी काढली, मोहाच्या झाडाजवळ जोरात पुढे नेली, आणि अख्ख्या मीटिंगने ऐकलं, "काऊन बा, दिसत नाई का?"

"ताई, या कोण?" समीरने दचकून ब्रेक मारला.

"ज्यांच्या नवऱ्याला तू आज बॅन करणार होतास, त्या," मी म्हटलं.

त्याने गाडी मागे घेतली आणि त्यांना बसवलं.

तेव्हापासून मी कुणालाही पॉलिसी पाठवण्याआधी फोन करून विचारते, आधी नोकरी कुठे केली. आणि शिक्का माझ्या पर्समध्येच असतो.