पहिल्या भावाला नाही

"पण तुम्ही फोन उचललाच काऊन? अन् उचलला तं मले आवाज द्याचा ना."

"तू आंघोळीले गेलती." प्रभाकररावांनी चहा बशीत ओतला. "मी सांगितलं, मॅडम दिल्लीले येत नाईत. बढती नागपुरातच देत असान तं पाहू."

सिंदी रेल्वे या गावात कापसाची अडत चालवणारा माणूस. पहिल्या भावाला हो म्हणणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. बायकोची आकाशवाणीतली बढतीही त्यांनी त्याच हिशेबात धरली.

"थोडं ताणलं की वाढवून देतात," ते म्हणाले.

"हा कापूस नाई. इथं नाई म्हटलं की दुसऱ्याचं नाव निघते."

ज्योत्स्नाबाई लग्नानंतर लगेच रेडिओत हंगामी निवेदिका म्हणून लागल्या. रोज पॅसेंजरने नागपूर. पुढे महिलांचा कार्यक्रम हाती आला. बायका स्टुडिओत आल्या की शाळेतल्या भाषणासारख्या बोलायच्या, म्हणून ज्योत्स्नाबाईंनी माईकच त्यांच्या स्वयंपाकघरात नेला. नाचणगावच्या एका मुलाखतीत कुकरच्या शिट्ट्याही तशाच वाजल्या. साहेब चिडले, ऐकणाऱ्या बायका मात्र खूश. "त्या बाईच्या वरणाचा पार गिचका झाला असन," असं तेव्हा सासूबाई सुमित्राबाईही म्हणाल्या होत्या. मग ज्योत्स्नाबाई कार्यक्रम अधिकारी झाल्या, केंद्रप्रमुख झाल्या. आता देशभरातल्या केंद्रांचे महिलांचे कार्यक्रम त्यांच्या हाती येणार होते. निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. ही जागा गेली की गेलीच.

"बाई तिकडं गेली तं घर कोण पाह्यन?" तुरीच्या शेंगा सोलत सुमित्राबाईंनी विचारलं.

"तेच तं म्हणतो मी," प्रभाकरराव म्हणाले.

"तू बोलू नको. साठीले आला, अजून टॉवेल कुठी हाय ते इचारतोस." मग त्या सुनेकडे वळल्या. "ते लोक पुन्हा फोन करतीन का?"

"कशाले करतीन?"

"मंग तू काय वाट पाहून राह्यली?"

ज्योत्स्नाबाईंनी तिथेच नंबर लावला. घरून गेलेलं उत्तर माझं नाही, असं हिंदीत शांतपणे सांगितलं. पलीकडचे साहेब हसले; दुसरं नाव अजून पुढे गेलेलं नव्हतं.

"क्वार्टर तरी मोठं मांग," प्रभाकरराव हळूच म्हणाले.

ज्योत्स्नाबाईंनी फोन ठेवला.

"मी रविवारी दिल्लीले चालली. दोन वर्षं तिकडंच राहीन. भेटाचं असन तं तुम्ही याचं."