गुलाबी फ्रेम

माणूस मेला तरी फोटोच्या रूपाने तो घरात कायम राहतो. हा कायमचा मुक्काम साधारण किती वर्षांचा असतो, ते मला भिंगारच्या बाजारातल्या एका फ्रेमवाल्या काकांकडे कळले.

जुन्या सागवानी चौकटींची हल्ली फॅशन आहे. गिऱ्हाईक आजोबांचा फोटो चौकटीसकट घेऊन यायचे.

"काका, यात आरसा बसवा. व्हिंटेज लूक पाहिजे."

"आन आजोबा?"

"मोबाईलमध्ये आहेत की."

काका उपदेश करत नसत. खिळे उपटण्याआधी फोटोतल्या माणसाचे नाव तेवढे विचारीत. पुष्कळांना ते घरी फोन करून विचारावे लागे. गिऱ्हाईक गेले की काका तो फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून मागच्या खोलीत टांगत आणि क्रेप कागदाच्या फुलांचा हार करून घालत. तिथे चाळीसेक परके म्हातारे जमले होते. काकांना स्वतःचे मूलबाळ नव्हते.

कोपऱ्यात त्यांनी आपलाही फोटो आधीच लावून ठेवला होता, गुलाबी प्लॅस्टिकच्या जुनाट फ्रेममध्ये.

"दुकानात एवढं सागवान, आणि स्वतःला ही भिकार फ्रेम?" मी विचारले.

"मुद्दाम लावली. हिला कोन हात लावतंय? म्हंजे मी ऱ्हाईन."

दिवाळीआधी काका गेले. पुतण्याने दुकान रिकामे केले. पुठ्ठ्यावरचे म्हातारे रद्दीत गेले. गुलाबी फ्रेम एका कॅफेवाल्याने हौसेने मागून नेली. तिच्यात आता वाय-फायचा पासवर्ड आहे.