देवाला वगळून दिलेली साक्ष

भडगावकडचे चुडामणनाना फौजेतून हवालदार होऊन परतले. माणूस सरळ, पण लष्करी कोर्टात एकदा खोटं बोलला. रायफल हरवली होती नानांच्या गाववाल्याकडून, आळ आला दुसऱ्याच जवानावर. साक्षीआधी साहेबांनी विचारलं, देवाची शपथ घेता की नुसती प्रतिज्ञा करता? घरची देवी कानबाई कोपू नये म्हणून नानांनी प्रतिज्ञा केली आणि गाववाल्याला वाचवलं. त्या जवानाची नोकरी गेली.

तेव्हापासून श्रावणातल्या सणाला कानबाईच्या प्रसादाचा रोट, ती जाड पोळी, नानांच्या घशाखाली उतरत नाही.

"दरसाल बरं आजच पोट दुखस तुमनं!" यंदा बायको ताईबाई म्हणाली, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. "पण मी देवनं नाव लिधं नही," ते पुटपुटले.

"देव ऱ्हाऊ द्या. ज्यानी नोकरी गई, त्या माणूसनं नाव काय व्हतं?"

नानांना रायफलचा नंबर अजून पाठ होता. नाव काही केल्या आठवेना.