आपल्या लोकांचं शेवटचं गाणं

माझ्या भावाने पहिली रेकॉर्ड विकत घेतली तेव्हा आमच्या घरात रेकॉर्ड प्लेअर नव्हता. आमच्याच काय, अख्ख्या कॉलनीत नव्हता. देवळालीच्या एका लष्करी साहेबाची बदली झाली, त्याचं सामान जुन्या बाजारात आलं, आणि त्यातली एक रेकॉर्ड आमचे दादासाहेब सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून घेऊन आले. वेष्टनावर केस वाढवलेली चार गोरी माणसं होती. आईने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "याचं काय करायचं?"

"ऐकायची."

"कशावर?"

वरात निघाली, आता नवरी शोधा, असं मी त्याला चिडवलं. पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघं भाऊ-बहीण ती रेकॉर्ड नुसती पाहत होतो. चौघांपैकी कोण गात असेल, कोण ढोल वाजवत असेल, यावर आमची भांडणंही झाली.

शेवटी त्याने भद्रकालीतल्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात ओळख काढली. दुकानदार दादाच्याच वयाचा होता, आम्ही त्याला भाई म्हणायचो. त्याच्याकडे कुणाचा तरी प्लेअर दुरुस्तीला आलेला होता. तो दुरुस्त होऊनही मालकाला बरेच दिवस "पार्ट आला नाही" असंच ऐकावं लागलं, कारण आमचं ऐकून संपत नव्हतं. तिथेच एकदा टेपरेकॉर्डर घेऊन एक प्राध्यापक आले. कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, राहायचे गंगापूर रोडला. गाणं कानावर पडलं तसे दारातच थांबले, आणि गाणं संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लावता का?" असे आम्ही चौघे जमलो. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. भाईच्या दुकानात बसणारी मी एकटी मुलगी, त्यामुळे कॉलनीतल्या बायकांना बोलायला विषय मिळाला. मी ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. एकीला मी नळावर सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्ही भजनाला जाता तेव्हा मी विचारते का, टाळ कोण वाजवतं?"

त्या बँडला आम्ही आपसांत 'आपले लोक' म्हणायचो. आपल्या लोकांचं नवीन काही आलं का, आपल्या लोकांनी यावेळी काय वाजवलंय. वडील मूळचे सायखेड्याकडचे, कचेरीत कारकून. एकदा त्यांनी चहा पिता पिता हे ऐकलं आणि कप खाली ठेवला.

"आपले लोक म्हंजे कोन? हे? हे गोरे?"

"गाणारे आहेत, बाबा," दादा म्हणाला.

"गानारे? मला तं मांजरांचं भांडान लागलंय असं वाटलं."

वडिलांच्या बोलण्यात राग होता आणि त्याला कारणही होतं. दादा लहानपणी जयंतीच्या गायन पार्टीत गायचा. एकदा ऐकलेली चाल त्याच्या गळ्यातून जशीच्या तशी निघायची. पार्टीतले मोठे गायकही अडलं की या पोराकडे बघायचे. वडिलांना वाटायचं, पोरगं पुढे नाव काढेल. त्याने आयटीआय केलं, आणि गळा वापरला तो या परक्या लोकांची गाणी गुणगुणायला. इंग्रजी त्याला यथातथाच येत होतं. शब्द तो नुसते आवाज म्हणून पाठ करायचा आणि अर्थ प्राध्यापकांना विचारायचा. सरांना अर्थ कळायचा, पण सूर लागायचा नाही. दादा एकेक ओळ गाऊन दाखवायचा आणि सर मान खाली घालून ऐकायचे.

मग त्याला अंबडला एका कारखान्यात नोकरी लागली. प्रेसवर. पत्रा ठेवायचा, धाडकन ठोकून घ्यायचा, काढायचा, पुढचा ठेवायचा. एका शेडमध्ये अशा कितीतरी प्रेस. मी एकदा त्याचा विसरलेला डबा द्यायला गेले तर गेटवरच माझ्या छातीत धडधडायला लागलं. आत माणसं एकमेकांशी हातवारे करून बोलत होती. कानात बोळे घालत नाहीस का, असं मी विचारलं, तर म्हणाला, बोळ्यांनी खाज येते. त्याचा एक कान लहानपणी फुटलेला होता. दुसऱ्याचा विचार तेव्हा कुणी केला नाही.

पहिल्या बोनसमध्ये त्याने टेपरेकॉर्डर घेतला. तेव्हापासून घरात आपले लोक राहायलाच आले. दरवर्षी आवाज थोडा थोडा वाढत गेला. शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटायच्या, त्याला त्याचं काही नसायचं. आई हाक मारून मारून थकायची आणि म्हणायची, कमावता झाला ना, आता ऐकून न ऐकल्यासारखं करतो. मीही तेच म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी, म्हणायचे. बोलायचं असलं की तो उठून आपल्यासमोर येऊन बसायचा आणि टक लावून तोंडाकडे बघायचा. मला वाटायचं, वयाने माणूस शहाणा झाला, आता लक्ष देऊन ऐकायला लागला.

त्याने गुणगुणणं कधी बंद केलं, हे मात्र घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तो पिक्चर आला तेव्हा मी शिक्षिका होऊन नगरपालिकेच्या शाळेत लागले होते. पिक्चर म्हणजे आपल्या लोकांवर कुणीतरी काढलेला माहितीपट. बँड तोवर मोडला होता. कसा मोडला, का मोडला, आम्हाला काही पत्ता नव्हता. सरांच्या आतेभावाने दुबईहून व्हिडिओ कॅसेट आणली. आम्ही वर्गणी काढून रविवारी दिवसभरासाठी रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला आणि सरांच्या हॉलमध्ये लावला. दादाने त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता. इतकी वर्षं ज्यांना फोटोतच पाहिलं, ती माणसं आज चालताना, हसताना दिसणार होती. सायकलवरून जाताना तो मला म्हणाला, "आज कळेल, खरा ढोलवाला कोण. तू हरणार."

तो टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर मांडी घालून बसला. आम्ही मागे सतरंजीवर.

सुरुवातीला आम्ही हसत होतो. ती माणसं बुटकी निघाली म्हणून हसलो, एकाला आपल्याकडच्या किराणा दुकानदारासारखं टक्कल पडत होतं म्हणून हसलो. मग हळूहळू हसू थांबलं. पडद्यावर ती भांडत होती. एकमेकांकडे न बघता एका खोलीत बसून वाजवत होती. ढोलवाला एक दिवस काठ्या ठेवून निघून गेला आणि कुणी त्याच्या मागे गेलं नाही. सर दबक्या आवाजात मराठीत सांगत होते. भाई सारखा म्हणत होता, "अरे यार, ऐसे थे ये लोग?" त्याला संताप आला होता. मला रडू येत होतं. चार भाऊ समजून ज्यांच्यावर जीव लावला, त्यांच्या घरातलं भांडण आज खिडकीतून पाहतोय असं वाटत होतं.

मग आमचं सगळ्यांत लाडकं गाणं लागलं. मोठं मैदान, खूप माणसं, आणि मंचावर ते चौघे. दादा मांडीवर ठेका धरून गायला लागला. पडद्यावरच्या आवाजात त्याचा आवाज मिसळून गेला होता.

एवढ्यात सरांच्या बायको पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, त्यांचा पाय कुठेतरी अडकला आणि टीव्हीचा आवाज गेला. चित्र चालू राहिलं, माणसं नाचत राहिली, फक्त आवाज नाही. "आवाज गेला," सर म्हणाले. "वायर निघाली," भाई म्हणाला आणि उठला.

दादा गातच होता.

त्या शांत खोलीत त्याचा एकट्याचा आवाज ऐकू आला. शब्द बरोबर होते. ढोलवाल्याच्या हातांवर त्याची नजर होती आणि मांडीवर थाप अचूक पडत होती. पण सूर नव्हता. ज्या गळ्यात चाल जशीच्या तशी उतरायची, त्या गळ्यातून काहीतरी सपाट, घोगरं, भलतीकडेच जाणारं बाहेर पडत होतं. आणि त्याला ते माहीत नव्हतं. तो आनंदात होता. डोळे ओले होते आणि तो मान हलवून गात होता.

भाई अर्ध्या वाटेत उभा राहिला. वायरपर्यंत गेला नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. सरांच्या बायको तांब्या धरून तशाच उभ्या. कुणीही त्याला हात लावला नाही. गाणं संपलं, पडद्यावरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यानेही वाजवल्या. मग भाईने खाली बसून वायर लावली. खोलीत एकदम आवाज आला. दादाने मागे वळूनही पाहिलं नाही.

पिक्चरच्या शेवटी एक गाणं होतं, आम्ही कधी न ऐकलेलं. सरांनी सांगितलं की हे बँड मोडण्याआधी त्यांनी एकत्र बसून केलेलं शेवटचं गाणं, बाजारात आलंच नाही. गाण्याच्या वेळी पडद्यावर माणसं नव्हती. एक रिकामी खोली होती, चार खुर्च्या, आणि खिडकीतून येणारं ऊन. बस्स. चाल साधी होती, शाळेतल्या प्रार्थनेइतकी साधी, आणि इतकी दुःखी की भाई, जो बापाच्या मयतीतही ताठ उभा होता, तो गुडघ्यात तोंड घालून रडला. सरांनी चष्मा काढला.

दादा त्या खुर्च्यांकडे बघत बसला. तिथे ना कुणाचे ओठ होते, ना हात. थोड्या वेळाने त्याने मागे वळून आमच्याकडे पाहिलं. भाईकडे, मग सरांकडे, मग माझ्याकडे. गाणं चालू आहे हे त्याला आमच्या तोंडांवरून कळलं. मी त्याच्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. माझ्याने झालं नाही.

परतताना मी कॅरियरवर बसले होते. वर्षानुवर्षं मी त्याच्या मागे बसून त्याच्या पाठीशी बडबडत आले होते आणि तो "हं, हं" करत आला होता. ऊन उतरत होतं, रस्त्याला द्राक्षाच्या पेट्यांची एक गाडी पुढे चालली होती. मी म्हटलं, "दादा, तुला ऐकू येत नाही ना रे?"

"हो ना," तो म्हणाला. "काय मस्त वाजवलं. ढोलवाला मी म्हणालो तोच निघाला."

मी चालत्या सायकलवरून उडी मारली. वजन कमी झालेलं त्याला कळलं आणि तो थांबला. मी त्याच्या पुढे जाऊन उभी राहिले. माझं तोंड बघून त्याला समजलं. त्याने सायकल झाडाला टेकवली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झालं बरंच. डॉक्टरला दाखवलं. नस गेली म्हणाला. कुणी कानाशी ओरडलं तर थोडं कळतं."

"आम्हाला का नाही सांगितलंस?"

तो हसला. "बहिऱ्याला गाणं ऐकायला कोण बोलावतं?"

मला इतका राग आला की मी त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या. कुणाचा राग ते मला आजही सांगता येणार नाही. त्याने मारू दिलं. मग म्हणाला, "रडू नको. जुनी सगळी आहेत माझ्याकडे. डोळे मिटले की वाजतात, अगदी नीट. प्रेसवर पण वाजतात. फक्त ते शेवटचं... ते कसं होतं? भाई कशाला रडला एवढा?"

मी त्याच्या चांगल्या कानाला तोंड लावलं आणि गायले. त्याने मान हलवली. "जोरात." मी जोरात गायले. येणारे-जाणारे बघायला लागले, एकाने सायकलची घंटी वाजवली. "अजून जोरात." मी ओरडले, आणि ओरडल्यावर ते गाणं राहिलंच नाही. नुसता रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईचा आरडाओरडा झाला. तो डोळे बारीक करून, कान माझ्या तोंडाजवळ आणून, मन लावून ऐकत होता. मग हळूच बाजूला झाला.

मी त्याचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर बोटांनी ठेका दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याने तो माझ्या हातावर परत दिला, एकही थाप न चुकता. त्याचा चेहरा उजळला.

"ठेका कळला," तो म्हणाला. "आता चाल सांग."

तो वाट बघत उभा राहिला. मला ती चाल पहिल्या ऐकण्यातच पाठ झाली होती, आजही पाठ आहे. मी त्याचा तळवा दोन्ही हातांत धरून नुसती उभी राहिले.